एसटीत भेटलेली तारामती

आज पहाटेची वेंगुर्ला-कुडाळ एसटी पकडली, कुडाळहून पुढे मुंबईची ट्रेन होती. गाडी अर्धी रिकामी, माझ्या पुढच्या सीटवर एक मासेवाली मावशी टोपली पायाशी घेऊन बसलेली. मधेच एका फाट्यावर एक काका चढले, पन्नाशीचे असतील, साधा शर्ट-पॅन्ट, खांद्याला रेक्झिनची बॅग, आणि डोळ्यात हे एवढं काजळ! कानामागे गुलाबी रंग तसाच राहिलेला, नखांना लाल नेलपॉलिश, आणि हात बघावेत तर कोयता-कुदळ धरून भेगा पडलेले. माझ्याच बाजूला बसले आणि टॉवेलने मान पुसत म्हणाले, "खोबरेल लावल्यान तरी रंग जाता खय पटकन. खय चल्लस गो बाय?"

काका दशावतारी, म्हणजे कोकणातल्या जत्रांमधलं लोकनाट्य करणारे. त्यातही स्त्रीपार्टी, बायकांच्या भूमिका करणारे. रात्री जवळच्या गावात जत्रेचा दहीकाला, म्हणजे रात्रभराचं दशावतारी नाटक होतं, पहाटे हंडी फुटली तेव्हा नाटक संपलं, कंपनीचा टेम्पो सामान घेऊन पुढच्या गावाला गेला आणि हे मात्र घरी निघाले होते कारण गुरांना वैरण घालायची, बागेत पाणी सोडायचं, दोन तास पाठ टेकायची आणि संध्याकाळी परत पुढचं देऊळ गाठायचं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पाऊस येईपर्यंत हेच. पूर्वीची माणसं पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायची, तेव्हापासूनच म्हणतात ना, रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा.

मी विचारलं, काका संवाद पाठ करायला वेळ कधी मिळतो? तर हसले. "पुस्तक खयचा? सगळा डोक्यात." म्हणजे रंगायला बसल्यावर कळतं आज आख्यान कुठलं, कोण राजा कोण राणी ते ठरतं, कथा सगळ्यांना माहीत असतेच, बाकी बोलायचं ते स्टेजवर आपलं आपण. समोरचा काय बोलेल याचा यांना पत्ता नाही, यांचं त्याला नाही. कधी अडलंच तर पेटीवाला सूर धरतो, पद सुरू होतं, तेवढ्यात पुढचं सुचतं. मेकअप स्वतःच करायचा, साडी स्वतःच नेसायची. बायकोने स्वतःच्या लग्नाचा शालू काढून दिलाय, द्रौपदीला तोच नेसतात. हे सांगताना आवाज किती हळू झाला होता त्यांचा.

एवढ्यात मावशी मागे वळून म्हणाल्या, "रात्रीचा जरा बोल मा रे." काकांनी आधी आढेवेढे घेतले, मग बॅग माझ्या मांडीवर ठेवली, टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि खरं सांगते, बसणंच बदललं माणसाचं. खांदे आत आले, मान झुकली, बोटं पदराच्या टोकाशी गेली. आत्तापर्यंत मालवणीत बोलणारा माणूस एकदम स्वच्छ नाटकी मराठीत, "महाराज, राज्य गेलं, वैभव गेलं, आता या लेकराला अग्नी द्यायला माझ्याजवळ अंगावरच्या वस्त्राशिवाय काही उरलेलं नाही..." स्मशानातली तारामती, मांडीवर रोहिदास. माझी नजर मांडीवरच्या त्या बॅगेवरच खिळली, घशात आवंढा आला. मावशींनी तर सरळ डोळ्याला पदर लावला. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून तसाच उभा. ना लाईट ना मृदंग, गाडी खडखडतेय, आणि हे रात्रभर जागलेले!

मोठमोठ्या थिएटरात तिकीट काढून नाटकं बघितलीत मी, त्यातली चांगलीही होती, पण हाताच्या अंतरावर एका माणसाचं असं दुसरं माणूस होणं मी आज पहिल्यांदा बघितलं, आणि आपल्याकडे अशा माणसांना 'लोककलाकार' म्हणून एका कोपऱ्यात बसवतात याचा मला मनापासून राग येतो. महिनोन्महिने तालमी करून जे जमत नाही ते ही माणसं रोज रात्री नव्या देवळासमोर उभी राहून करतात.

काकांचा स्टॉप आला. मी घाईघाईत विचारलं आज रात्री कुठलं आख्यान? बॅग खांद्याला लावत म्हणाले, "ता थंय गेल्यार कळतला." आणि बांधावरून झपाझप चालायला लागले, गुरं वाट बघत असणार. पुढच्या वर्षीची सुट्टी मी मार्गशीर्षातच टाकणारे, जत्रा तिथीवर असतात त्यामुळे कॅलेंडर बघूनच, आणि आईलाही घेऊन जाणारे.