चुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंडच, असं नसतं

भंगार वितळवून पोलाद करताना वजनकाटा, गॅस कटरने तुकडे करणं, चार्जिंग म्हणजे भट्टीत माल टाकणं, यात काही अडत नाही. अडतं ते तांब्यापाशी, आणि कळतं ते सगळं वितळून झाल्यावर. जालन्याच्या विजेवरच्या इंडक्शन भट्ट्यांवर ही कटकट कुणाला नवी नाही.

आमची हीट, म्हणजे एका वेळी वितळणारा माल, 10 टनांची. आमचे बिलेट (ओतलेले पोलादी ठोकळे) घेणाऱ्या रोलिंग मिलची अट, तांबं 0.25 टक्क्यांच्या आत. पळीने नमुना काढला, साच्यात ओतला, घासून स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवला. आकडा 0.40. म्हणजे भट्टीत 40 किलो तांबं! सिलिकॉन, मँगनीज कमी पडलं तर फेरोअलॉय, म्हणजे ते घटक असलेला लोखंडाचा मिश्रधातू, टाकून भागतं. तांब्याला मात्र ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कमी, त्यामुळे ते स्लॅगमध्ये, म्हणजे रसावर तरंगणाऱ्या मळीत, जातच नाही. उरतो एकच उपाय, पातळ करणं. पावणेचार टन रस बाहेर ओतायचा आणि तेवढाच बिनतांब्याचा धातू आत घ्यायचा. तो स्पंजमधून, म्हणजे लोहखनिजापासून केलेल्या सच्छिद्र लोखंडातून, काढायचा तर स्पंज पावणेचार टनांहून बराच जास्त लागतो, कारण त्यात मातीचा अंश असतो. स्लॅग वाढतो, वीज जास्त जाते, भट्टीचं अस्तर झिजतं. आणि आपल्याकडचं बरंचसं स्पंज कोळशावरच्या भट्टीत बनतं. भंगारातून स्वच्छ पोलाद करायला निघालो आणि पुन्हा कोळशाच्याच दारात! बाहेर ओतलेले गोळे 0.40 चेच राहतात, ते पुढच्या हीटमध्ये थोडे थोडे खपवत बसायचं.

मिलची अट उगाच नाही. बिलेट 1100–1200 अंशांना तापवताना वरचं लोखंड जळून पापुद्रा होतं. तांबं जळत नाही, ते पापुद्र्याखाली साचतं, 1085 अंशांना वितळून कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि रोलखाली कोपऱ्यांना भेगा पडतात. सोबत सोल्डरचं कथील असेल तर आणखी वाईट.

येतं कुठून? सुटी तार यार्डवाला स्वतःच काढून घेतो, तिला भाव आहे. आपल्याकडे येतं ते न सुटणारं. स्टार्टरचं आर्मेचर, पंख्याचा स्टेटर (दोन्ही तांब्याची तार गुंडाळलेले मोटरचे भाग), भंगार फाडणाऱ्या श्रेडर यंत्रातून निघालेली मुठीएवढी काळी, तेलकट ढेकळं. विचारलं की ठरलेलं उत्तर, "साहेब, चुंबकाला चिकटतंय की!" चिकटणारच, तांब्याभोवती लोखंडी पत्र्या आहेत ना. ढेकूळ उलटं करा, फटीत कानस मारा, लाल चमकलं की बाजूला. हिशोब सोपा आहे: टनामागे 1 किलो तांबं म्हणजे 0.1 टक्का. म्हणून हाताने निवड करायची ती मालाच्या सरकत्या पट्ट्यावर, चुंबकानंतर, आणि उजेड चांगला हवा. दाबलेल्या गठ्ठ्यात काहीच दिसत नाही. नवीन पुरवठादाराचा एक गठ्ठा फोडून पाहिल्याशिवाय गाडी रिकामी करू नका.

फ्रिजचा कॉम्प्रेसर मात्र कापल्याशिवाय भट्टीत नकोच. आत तांब्याची मोटर, शिवाय बंद डबा आणि तेल. शॉक अॅबसॉर्बर, सिलिंडर, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप यांचंही तेच, आतली हवा तापून रस उडतो. पावसाळ्यात ओला माल सरळ रसात टाकू नका, आधी निथळू द्या, वाळू द्या.

जस्ताच्या पत्र्याचं एवढं नाही. जस्त 907 अंशांना उकळून पांढऱ्या धुरातून निघून जातं. धूर ओढणारी यंत्रणा चालू हवी, एवढंच.

दर ठरवतानाच चलनावर लिहून घ्या: मोटरचे तुकडे निघाले तर वजनातून वजा. तोंडी ठरलेलं काट्यावर कुणाला आठवत नाही.