त्या विधवेने संध्याकाळी काय खाल्ले?

रविवार, 16 मार्च 2025

आज लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातला, दुसरा रविवार. यंदा दृढीकरणाच्या वर्गात (बाप्तिस्मा झालेली मुले मोठी होऊन आपला विश्वास स्वतः कबूल करतात, त्याच्या तयारीच्या वर्गात) 14 ते 16 वर्षांची 11 मुले आहेत आणि पाळकसाहेबांनी या उपवासकाळातले 5 रविवार ‘विश्वास, त्याग आणि देणे’ या विषयासाठी माझ्याकडे सोपवले आहेत. नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हा विषय मी वीसहून अधिक वर्षे शिकवत आले आहे, त्यामुळे वेगळी तयारी करावी लागेल असे मला वाटले नव्हते.

धडा बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला, दोन टोल्या (अगदी कमी किमतीची नाणी) टाकणाऱ्या विधवेचा होता. प्रभू येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत आहे. श्रीमंत पुष्कळ टाकतात, आणि एक गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे एक दमडी टाकते. ‘दमडी’ हा शब्द मुलांना केवळ म्हणींतून माहीत असतो, म्हणून दरवर्षीप्रमाणे मी फळ्यावर हिशेब मांडला. त्या काळी मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार होता, आणि रोमी नाण्यांच्या हिशेबात एका दिनारात तिच्या दानाएवढी 64 दाने बसत. आज शेतमजुराचा रोज 500 रुपये धरला, तर तिचे दान 8 रुपयांपेक्षा थोडे कमी भरते. एवढ्यात वडापावही येत नाही, असे एक मुलगा म्हणाला आणि सगळी हसली. मग मी नेहमीप्रमाणे आवाज खाली आणून सांगितले, की तिच्याजवळ जे होते ते सगळे, तिची सारी उपजीविका, तिने देवाला दिली.

त्यावर खिडकीजवळ बसणारा, सहसा न बोलणारा मुलगा म्हणाला, “बाई, मग त्या बाईने संध्याकाळी काय खाल्लं?”

त्याच्या बोलण्यात खोडी अजिबात नव्हती. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले आणि आई दोन घरांचा स्वयंपाक करते, हे मला ठाऊक आहे. देव आपल्या लोकांना उपाशी ठेवत नाही, असे काहीतरी मी सांगितले आणि प्रार्थना करून वर्ग सोडला. घरी येईपर्यंत ते उत्तर मला जड वाटत होते, कारण मी विश्वासाच्या शब्दांत गुंडाळून तो प्रश्न बाजूला सारला होता.

त्याच दिवशी, रात्री

झोप येत नाही, म्हणून जे पुष्कळ वर्षे मनात आहे ते आज लिहून ठेवते.

शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) शिकवू लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत मी लेंटमध्ये वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता. डाव्या बाजूला मुलांची नावे, पुढे रविवारांचे रकाने. जे मूल घरून डबीत पैसे साठवून आणील त्याच्या नावापुढे मी चांदणी चिकटवत असे. मुलांना त्यात आनंद वाटे आणि डबी भरे, म्हणून आपण चांगले काम करत आहोत असा माझा समज होता. एका मुलीच्या नावापुढचे रकाने रिकामेच राहिले आणि चौथ्या रविवारपासून ती यायची थांबली. ईस्टर झाल्यावर तिची आई मला बाजारात भेटली, तेव्हा रागाचा एक शब्दही न काढता तिने सांगितले, “बाई, तिला तुमच्या भिंतीची लाज वाटते.” मी तक्ता काढला, त्या घरी जाऊन क्षमा मागितली, पण ती मुलगी माझ्या वर्गात पुन्हा आली नाही.

उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, हे प्रभूचे वचन तोवर मी कितीतरी वेळा पाठ करून घेतले होते. मुलांना द्यायला शिकवताना मी त्यांना दिसण्यासाठी द्यायला शिकवले, आणि ज्या घरात देण्यासारखे काही नव्हते त्या घरातल्या लेकराला मी देवासमोर उभे राहायची लाज वाटायला लावली. हे पाप मी कबूल केले आहे, तरीही उपवासकाळ आला की ती भिंत मला आठवते.

शुक्रवार, 21 मार्च

आठवडाभर पवित्र शास्त्र घेऊन बसले. इतकी वर्षे मी विधवेची गोष्ट 41व्या वचनापासून वाचायला सुरुवात करत असे. या वेळी तीन वचने मागे गेले. त्याच्या लगेच आधी प्रभू शास्त्री लोकांविषयी, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडितांविषयी, सावध करतो: लांब झगे घालून मिरवणारे, सभास्थानांत मुख्य आसने शोधणारे हे लोक विधवांची घरे गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. पुढच्याच वाक्यांत एक विधवा भांडारापुढे येऊन उभी राहते. आणि अध्याय उलटला, की शिष्य मंदिराच्या भव्य चिऱ्यांचे कौतुक करतात व येशू त्यांना सांगतो, की येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. या तिन्हींच्या मध्ये ठेवून पाहिली, की ती गोष्ट माझ्या सवयीच्या धड्यापेक्षा बरीच मोठी होते. तिची श्रद्धा खरी आहे आणि प्रभूने तिला सर्वांपेक्षा थोर ठरवले आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्या व्यवस्थेच्या भांडारात तिची शेवटची दमडी पडली, त्या व्यवस्थेवर त्याने आधीच बोट ठेवलेले आहे.

मग जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाकडे गेले. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, गावातच साठवून ठेवावा, म्हणजे लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातले लोक), उपरी (परके), अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे देवाच्या नियमशास्त्रात त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर प्रभू येशूच्या जन्माच्या कितीतरी शतके आधी दिलेले होते. विधवेने संध्याकाळी काय खावे? दशमांशातून आलेले अन्न खावे. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले, सर्व दशमांश भांडारात आणा असे सांगणारे वचन आपण अर्पणाच्या वेळी नेहमी ऐकतो, आणि ते ऐकवताना पुष्कळदा असे सुचवले जाते, की आज दिले तर उद्या दुपटीने मिळेल. त्याच अध्यायात पाच वचने आधी मजुराची मजुरी अडवणाऱ्यांना आणि विधवा व अनाथ यांना छळणाऱ्यांना देव ताकीद देतो, हे मात्र क्वचित वाचले जाते. मुलांना देणे हे व्याजाच्या ठेवीसारखे शिकवू नये, असे माझे ठाम मत आहे. तसे शिकलेले मूल ज्या दिवशी व्याज मिळणार नाही त्या दिवशी देवालाच सोडून देईल.

रविवार, 23 मार्च

वर्ग सुरू होताच मी त्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागितली आणि त्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला. तो संकोचला, पण मान खाली घातली नाही.

प्रथम मी एक डोंगर काढला आणि हा मोरिया असे सांगितले. अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचे अर्पण करायला त्याला घेऊन मोरिया देशातल्या एका डोंगरावर गेला. पुढे त्याच नावाच्या डोंगरावर अरवना यबूसी याचे खळे होते. मरी (साथ) थांबावी म्हणून दावीद राजा तेथे वेदी बांधायला आला, तेव्हा अरवनाने बैल, लाकडे, सगळे काही फुकट देऊ केले, आणि ज्यासाठी मला काही मोजावे लागले नाही असे अर्पण मी देवाला करणार नाही असे म्हणून दावीदाने 50 शेकेल (त्या काळचे वजन) रुपे मोजून ते खळे व बैल विकत घेतले. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात म्हटले आहे, की दावीदाचा मुलगा शलमोन याने मंदिर बांधले ते तेथेच. आणि बाबेलच्या बंदिवासानंतर पुन्हा उभारलेल्या मंदिरात ती विधवा आली. एकाच डोंगरावर इतकी अर्पणे झाली, हे पाहून मुले गप्प झाली. मी त्यांना विचारले, की दर रविवारी दाराशी आई तुमच्या हातात नोट ठेवते आणि ती तुम्ही थैलीत टाकता, ते अर्पण कोणाचे? “आईचं,” सगळी एकदम म्हणाली.

त्यानंतर बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय काढला. पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होऊ लागली, अशी कुरकूर आली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. त्यांनी सात जण निवडायला सांगितले आणि निवडलेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. स्तेफन, ज्याला आपण पहिला रक्तसाक्षी (विश्वासासाठी प्राण देणारा) म्हणून ओळखतो, तो त्या सातांपैकी एक. त्याची पहिली नेमणूक विधवांच्या जेवणाकडे लक्ष देण्याची होती. हे सांगताना मला स्वतःलाच भरून आले.

आपल्या मातीतले उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पंडिता रमाबाई यांनी तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती, पुढे 1882 साली त्या विधवा झाल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे 300 मुली व स्त्रिया आणल्या, त्यांत विधवा पुष्कळ होत्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न, शिक्षण आणि हाताला काम दिले. आपल्याकडचे देऊन टाकणे एवढ्यावर रमाबाई थांबल्या नाहीत. ज्यांना भूक होती त्यांच्यासाठी त्यांनी चूल, शेत आणि छापखाना उभा केला. मी मुलांना म्हटले, की हेही त्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते येथून काही तासांच्या वाटेवर आहे.

रविवार, 30 मार्च

मुलांनी स्वतःहून ठरवले, की ईस्टरपर्यंत प्रत्येकाने घरी रोज एक मूठ धान्य बाजूला काढावे. मिझोराममधल्या मंडळ्यांत 1910 पासून बाया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी काढून ठेवतात, असे मी कधीतरी सांगितले होते, ते त्यांच्या लक्षात राहिले होते. माझी आजीही असाच एक डबा चुलीजवळ ठेवत असे.

मात्र वर्गातल्या एका मुलीने शंका काढली, की मूठ जर आईच्या डब्यातून काढायची, तर ती पुन्हा आईचीच झाली. मला तिचा अभिमान वाटला. मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांविषयी सांगितले. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा संसाराची ताटातूट लक्ष्मीबाईंनी सोसली. त्या स्वतः प्रभूकडे आल्या 1900 साली, आपल्या विश्वासाने. पुढेही टिळक उदार हाताने देत आणि पाहुणे व पोरकी मुले घरी आणत, तेव्हा आटा-मिठाचा हिशेब लक्ष्मीबाईंना जुळवावा लागे. मला दोघांविषयीही नितांत आदर आहे, म्हणूनच हे मुलांना सांगावेसे वाटले. त्याग ज्याचा त्यानेच करायचा असतो. दुसऱ्याच्या ताटातले उचलून देवाला वाहता येत नाही, आणि दुसऱ्याला तू त्याग कर असे सांगण्याचा अधिकारही फार जपून वापरावा लागतो. हे मी त्या भिंतीवरच्या तक्त्याने शिकले आहे.

शेवटी असे ठरले, की धान्य आईला विचारून घ्यायचे आणि तेवढ्या मोलाचे घरातले काम स्वतः करायचे. डबा झाकलेला राहील, त्यावर नाव असणार नाही, आणि कोणी किती आणले हे मीही पाहणार नाही. कोणाच्या घरातून धान्य निघणे शक्य नसेल त्याने ते पोहोचवण्याचे काम करावे. त्या कामाचा मान तेवढाच.

रविवार, 6 एप्रिल

काल खिडकीजवळचा मुलगा आणि त्याचा मित्र आमच्या मंडळीतल्या एका वृद्ध विधवेकडे धान्य घेऊन गेले. आज त्याने वर्गात सांगितले, की आजींनी त्यांना परत जाऊ दिले नाही. ज्वारीच्या भाकरी थापल्या, पिठले केले, ताटे वाढली आणि स्वतःही त्यांच्याबरोबर बसून जेवल्या. “बाई, आम्ही द्यायला गेलो होतो आणि खाऊन आलो,” असे तो म्हणाला तेव्हा त्याला आपले काही चुकले असे वाटत होते. मी त्याला बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचायला दिला. तेथे प्रेषित पौल, अत्यंत दारिद्र्यात असूनही उदारपणे देणाऱ्या मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयी लिहितो, आणि थोडे पुढे स्पष्ट करतो, की दुसऱ्यांना आराम व तुम्हांला ओझे व्हावे असा हेतू नाही. आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्यातून तुमची, आणि समानता व्हावी. त्याने ती वचने दोनदा वाचली.

उपासना संपल्यावर मी त्या आजींजवळ गेले. त्या दर रविवारी थैलीत काही ना काही टाकतात हे मी पाहत आले आहे. त्यांच्या घरी संध्याकाळी काय शिजते याची चौकशी मात्र मी कधी केली नव्हती. मी ती आज केली. गुडघे दुखत असल्यामुळे दळण आणायला जाणे त्यांना जमत नाही, म्हणून आठवड्यातले दोन दिवस त्या चहा-पावावर काढतात. पाळकसाहेबांशी बोलले आहे. मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करायची आहे, आणि ती करायला दृढीकरणाच्या वर्गातली दोन मुले पंचांबरोबर जाणार आहेत. आजींचे दळण बुधवारी मी आणून देईन.