घडीची कयाक: तळ्यातून खाडीत

घडीची कयाक, म्हणजे दुमडून ठेवता येणारी छोटी वल्ह्याची होडी, आता तळ्याबाहेर काढली आहे. उन्हाळाभर बंद पाण्यात सराव केला आणि सध्या एल्कहॉर्न स्लूमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला मॉन्टेरे बेला मिळणाऱ्या खाडीत, वल्हवतेय. वारा आणि भरती-ओहोटीत ती कशी वागते हे पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल काही लिहायचं नव्हतं.

बोट ओरिगामी पद्धतीची आहे. आतून पोकळ पॉलिप्रॉपिलीनचा एकच मोठा पत्रा. दुमडला की पेटी, उलगडला की साडेनऊ फुटांची कयाक. वजन नऊ किलोच्या आसपास. ही कल्पना आमच्या बे एरियातलीच. सॅन फ्रान्सिस्कोत छोट्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेल्यावर अँटन विलिस या आर्किटेक्टला आपली फायबरग्लासची कयाक ठेवायला जागा उरली नाही. ओरिगामीवरचा एक लेख वाचून तो कागदाच्या घड्या घालत बसला आणि त्यातून २०१२ मध्ये ओरू कयाक किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे उभारण्याच्या साइटवर, आली. त्याआधीच्या नावाजलेल्या घडीच्या बोटी म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेल्या जर्मन क्लेपर. त्या भक्कमपणात आजही वरचढ. १९५६ मध्ये हान्नेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर क्लेपरमधून ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडून गेला! पण ते धूड तिसऱ्या मजल्यावर मी रोज चढवणार नाही. माझी पेटी खांद्याला लावून जिना उतरता येतो आणि ती गाडीच्या मागच्या सीटवर बसते. गॅरेज नसलेल्यांसाठी हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे.

जोडणी हाताला बसली आहे. एकच गोष्ट लक्षात ठेवा: सकाळच्या गारठ्यात प्लॅस्टिक ताठर असतं आणि टोकाकडच्या घड्या उलट्या दिशेने उसळतात. पत्रा उलगडून थोडा वेळ उन्हात ठेवला की तोच माल निमूट वळतो. मग मधल्या दोन कडा जुळवायच्या, वर पट्टी बसवायची आणि बकल ओढायची. मधल्या बकलपासून टोकांकडे घट्ट करत गेलं की कडा सरकत नाहीत.

आता पाण्यातलं. आखूड, रुंद आणि सपाट तळाची बोट डुलत नाही, नवख्या माणसालाही बसल्या बसल्या धीर येतो. त्याची किंमत सरळ जाण्यात मोजावी लागते. जोरात वल्हं मारलं की नाक डावीकडे-उजवीकडे फिरतं. वल्हं आडवं धरून, छोटे आणि सारख्या जोराचे फटके मारले की रेघ बरीच सुधारते. वाऱ्याचं प्रकरण अवघड. हलकी बोट पाण्यावर उंच तरंगते, त्यामुळे वाऱ्याला तिची बाजू आयती मिळते. पाण्याच्या बाटल्या आणि डबा सीटमागे सरकवल्यावर तिची वाऱ्याकडे तोंड वळवण्याची खोड कमी झाली. हा फरक खरोखर जाणवण्याइतका आहे, करून बघा.

एल्कहॉर्नमध्ये दुपारी समुद्रावरून आत वारा सुटतो, म्हणजे परतताना तो तोंडावर. म्हणून सकाळी लवकर, भरतीच्या उत्तरार्धात आत शिरायचं आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर परत यायचं. उशीर केला तर ओहोटी बाहेर ओढते, वारा आत ढकलतो आणि लाटा तुटक, टोकदार होतात; या बोटीला ते पाणी मानवत नाही. हायवे १ च्या पुलापाशी ओहोटीचा जोर चांगलाच असतो, तिथे बंदराच्या तोंडाकडे वाहत जायचं नाही. आणि समुद्री ऑटर (पाणमांजरं) दिसले की पाच कयाकच्या लांबीइतकं तरी अंतर ठेवायचं. पाठीवर तरंगत शिंपले फोडणारी आई आणि तिच्या पोटावरचं पिल्लू लांबूनही छान दिसतं, त्यांना दचकवायचं कारण नाही.

सुरक्षिततेबद्दल मला स्पष्ट लिहायचंय. उघड्या डेकच्या अशा बऱ्याच बोटींत आत बंद कप्पे नसतात. उलटली की ती पाण्याने भरते आणि खोल पाण्यात पुन्हा चढणं फार कठीण जातं. कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटवून पाहिली: हवेच्या पिशव्यांशिवाय ती नुसती ओढतानाही जीव जातो, दोन्ही टोकांना पिशव्या फुगवून बसवल्या की निम्मं काम सोपं होतं. पिशव्या वेगळ्या विकत घ्याव्या लागल्या तरी घ्याच. लाईफ जॅकेट बोटीत ठेवायला नसतं, अंगात घालायला असतं. इथलं पाणी उन्हाळ्यातही गारठवतं.

बोट वाळवण्याला मात्र मी कंटाळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपले, म्हणजे ओल्या बोटींतून पसरणारी बाहेरची उपद्रवी जात, सापडल्यापासून कॅलिफोर्नियातल्या कित्येक जलाशयांनी बाहेरच्या बोटींवर तपासणी किंवा बंदी आणली आहे. घडीच्या बोटीत पाणी लपायला जागा भरपूर: पट्टीखाली, बकलच्या पट्ट्यांत, टोकाच्या दुमडींत. मी ती घरी आल्यावर पुन्हा उलगडते, दुमडींतून फडकं फिरवते आणि पूर्ण सुकल्यावरच मिटते. निघण्याआधी त्या त्या जलाशयाचे चालू नियम बघते.

कंपन्या वीस-वीस हजार घड्यांचे दावे करतात. माझ्या बोटीच्या घड्यांवर पांढुरक्या रेघा उमटल्यात, चीर कुठेही नाही. तळाला खडकाळ काठावर ओरखडे पडलेत, म्हणून आता घोटाभर पाण्यात उभं राहूनच बसते.

शांत, आडोशाच्या पाण्यासाठी आणि जागेची चणचण असलेल्यांसाठी मी ही बोट बिनदिक्कत सुचवेन. मोकळ्या समुद्रासाठी नाही. पुढचा सराव पिशव्या लावून खोल पाण्यात परत चढण्याचा, सोबत दुसरी कयाक असेल तेव्हाच. जमलं तर सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेच्या टोमालेस बे या खाडीत.