खालची पिन सुटली, आता पिस्टन अडलाय

निघाली एकदाची! गाडीच्या पुढच्या डाव्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खालची स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो), जिच्यापायी नवा ब्रॅकेट (कॅलिपरला धरणारी चौकट) मागवायच्या बेतात होतो, ती शाबूत बाहेर आली. ब्रॅकेटलाही ओरखडा नाही.

पॅडची अवस्था अशी होती: आतला जवळपास पत्र्याला टेकलेला, बाहेरच्यावर निम्म्याहून जास्त मटेरियल शिल्लक. फ्लोटिंग (पिनांवर सरकणाऱ्या) कॅलिपरमध्ये असं दिसलं की पहिला संशय पिनांवर घ्यायचा. कॅलिपर सरकतच नाही, मग पिस्टन (ब्रेक दाबला की पॅड ढकलणारा) आपल्या बाजूचा पॅड एकटाच घासत बसतो. वरची पिन बोटांनी फिरत होती, खालची मात्र ब्रॅकेटशी लग्न लावून बसलेली.

कॅलिपर तारेनं स्प्रिंगला टांगला (ब्रेक फ्लुइडच्या रबरी नळीवर, म्हणजे होजवर, लोंबकळत ठेवायचा नाही, हे नव्यांसाठी), ब्रॅकेट काढून व्हाइसमध्ये आवळला, पिनेवरचा रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं टोपण) कापून फेकला. पिनेच्या डोक्याजवळच्या सपाट कडांवर पाना लावला आणि मागे-पुढे फिरवायला सुरुवात केली. इथेच गंमत कळली. गंजलेली पिन सुटताना कट्‌ आवाज येतो आणि जिथवर नेली तिथे ती थांबते. ही थोडी वळायची आणि पाना सोडला की हळूच मूळ जागी परत यायची. लोखंड असं वागत नाही, रबर वागतं.

म्हणजे गंज नव्हे, पिनेच्या टोकावरचा रबरी स्लीव्ह फुगून भोकात ठासलाय. हे लक्षात आलं आणि सगळा बेत बदलला. तापवायला गॅसचा टॉर्च तयार ठेवला होता, तो परत जागेवर. तापवल्यावर रबर लोखंडापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पिन आणखी घट्ट झाली असती. पेनिट्रेटिंग ऑइलही बाद, कारण ब्रेकमधलं रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं असतं आणि खनिज तेल लागलं की ते फुगतं. (तुमची पिन खरोखर गंजलेली असेल तर टॉर्चचा उपयोग होतो, पण आधी ब्रेक क्लीनर पूर्ण उडून जाऊ द्या. क्लोरीनवाल्या क्लीनरवर ज्योत धरली की फॉस्जीन तयार होतो, आणि तो विषारी वायू आहे.)

वंगण म्हणून ब्रेक फ्लुइडचे चार थेंब सोडले. ईपीडीएमला ते चालतं, फक्त गाडीच्या रंगावर सांडू द्यायचं नाही. मग जुगाड. कॅलिपरचा बोल्ट पिनेच्या ज्या आट्यांत बसतो, त्याच आट्यांत लांब स्टड (आटे पाडलेला दांडा) बसवला. त्यावरून ब्रॅकेटच्या तोंडावर टेकेल असा खोल सॉकेट, वर जाड वॉशर आणि नट. नट आवळला की पिन सरळ वर खेचली जाते, हातोडीचं कामच नाही. घाई केली तर स्टडचे आटे जातील, म्हणून पाव फेरा, थांबा, पिन थोडी फिरवा, पुन्हा पाव फेरा. भोक तळाशी बंद असल्यानं आतली निर्वात पोकळी शेवटपर्यंत उलटी ओढत होती. अखेर फट्‌ करून आली! स्लीव्ह टोकाशी गोळा झालेला, नखानं दाबला तर खड्डा पडेल इतका मऊ. त्याला चिकटलेलं तपकिरी ग्रीस हुंगलं, आणि निकाल लागला: कोणीतरी बेअरिंगचं साधं, खनिज तेलाचं ग्रीस ठासलं होतं.

भोक नायलॉन ब्रश आणि क्लीनरनं साफ केलं. एमरी पेपर लावायचा मोह टाळा. भोक जरा मोठं झालं तरी कॅलिपर खडखडायला लागतो. ग्रीस फक्त ब्रेकच्या रबराला चालणारं सिलिकॉन, तेही पातळ थरात. भोक भरून ग्रीस कोंबलं तर पिन आत जातच नाही, ढकलली तरी परत बाहेर येते. कॉपर ग्रीसच वापरा म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही, पॅडच्या पाठीला लावा हवं तर, पण पिनेला नको. नव्या बूट-स्लीव्हच्या किटमधल्या पुडीतलं ग्रीस एका पिनेला जेमतेम पुरतं, वेगळी ट्यूब घ्याच. आणि स्लीव्हवाली पिन वर की खाली हे मॅन्युअलमध्ये बघा, दोन्ही पिना दोन्हीकडे बसतात म्हणून फसायला होतं. बूटची कड खाचेत बसवून आतली हवा काढली. आता पिन एका बोटानं आतबाहेर होते. कॅलिपर बसवायच्या आधी मी उगाचच कितीतरी वेळ ती सरकवत बसलो होतो.

नवे पॅड मात्र अजून खोक्यातच. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पनं पिस्टन मागे ढकलायला गेलो तर भलताच जड. पिस्टनवरचा डस्ट बूट (धूळ अडवणारं रबर) उचलून पाहिला: पिस्टनच्या क्रोमवर गंजाचे ठिपके नाहीत, पण बूटच्या आतल्या बाजूला ओल दिसतेय. पिस्टनभोवतीच्या चौकोनी सीलच्या खाचेत गंज साचला असेल तर सील पिळला जातो आणि पिस्टन परत येत नाही, म्हणून सील किट मागवायचं ठरवत होतो.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, होज का नाही? जुना रबरी होज आतून सुजला की झडपेसारखा वागतो, दाब जातो पण परतत नाही. पडताळणी सोपी आहे. कॅलिपरवरचा ब्लीड निपल (फ्लुइड बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडून पिस्टनला सी-क्लॅम्प लावायचा. पिस्टन सहज गेला तर दोष होजचा किंवा त्याच्याही मागचा. तरीही जड असेल तर पिस्टन-सीलचा. शिवाय निपल उघडा असला की जुनं काळं फ्लुइड मागे एबीएस (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या) युनिटकडे न जाता नळीतून बाटलीत पडतं.

म्हणजे किटची ऑर्डर थांबवली, आधी निपल. तोही गंजलाय, आणि मोडला तर नवीच कटकट. इथे रबर जवळ नाही, तेव्हा पेनिट्रेटिंग ऑइल मनसोक्त, मग सहाकोनी सॉकेट. बाराकोनी लावायचाच नाही, कडा गोल होतात. पिस्टन काढायची वेळ आलीच तर होज जोडलेला असतानाच, समोर लाकडाचा ठोकळा ठेवून, पेडल हळूहळू दाबत बाहेर आणेन. कॉम्प्रेसरच्या हवेनं पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि मला बोटं दहाच्या दहा हवीत. दोष होजचा निघाला तर दोन्ही बाजूंचे होज एकदमच बदलणार, उजव्याचंही वय तेवढंच आहे.