चित्त्याचं वळण: रेखाटनवहीची प्रगती

सरळ धावणाऱ्या चित्त्याची मालिका पूर्ण झाली. स्लो मोशन चित्रफीत फ्रेम फ्रेम थांबवून काढलेली ती रेखाटनं आता एका ओळीत लावली, की एक गोष्ट स्पष्ट दिसते: एका ढांगेत चित्ता दोनदा पूर्ण हवेत असतो. एकदा अंग ताणलेलं असताना आणि एकदा कणा वाकून मागचे पंजे पुढच्या पंजांच्याही पुढे गेलेले असताना. भरधाव घोडा फक्त पाय पोटाखाली घेतो तेव्हाच हवेत असतो. म्हणून घोड्याच्या धावेवर हात बसलेल्यांना माझं सांगणं आहे की चित्त्याला आधी कणा काढा, पाय नंतर. ढांगेची लांबी कण्यातून येते आणि ती सात मीटरच्या आसपास जाते. खांद्याचं पातंही विसरू नका. मांजरकुळात ते हाडांच्या सांध्याने धडाला जोडलेलं नसतं, स्नायूंवर तरंगतं, त्यामुळे पाय पुढे जाताना अख्खा खांदाच पुढे सरकतो.

आता वही वळणांवर आली आहे आणि माझ्या मते खरा चित्ता इथेच आहे. जो तो ताणलेला चित्ताच काढतो, कारण ती पोझ देखणी आहे. पण शिकार त्या पोझमध्ये होत नाही. २०१३ साली ॲलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोत्सवानातल्या पाच रानटी चित्त्यांच्या गळपट्ट्यांत बसवलेल्या मोजयंत्रांतून ३६७ धावांची मोजणी प्रसिद्ध केली. सर्वाधिक वेग निघाला ताशी ९३ किलोमीटर, तोही क्वचित. बहुतेक पाठलाग याहून बऱ्याच कमी वेगाने झाले आणि एक धाव सरासरी १७३ मीटरची होती. नजरेत भरतं ते वेगळंच: हा प्राणी एकाच ढांगेत वेग ताशी दहा किलोमीटरने वाढवतो आणि त्याहूनही जास्त कमी करतो. हरीण वळतं तेव्हा त्याच्या मागे वळता यावं म्हणून चित्ता आधी वेग तोडतो. नुसत्या वेगावर विसंबला असता तर प्रत्येक वळणावर भक्ष्याच्या पुढे निघून गेला असता.

म्हणून या टप्प्यात मी फक्त ब्रेक लागतानाच्या फ्रेम घेतल्या. पुढचे पाय ताठ समोर रोवलेले, बोटं फाकलेली, पार्श्वभाग खाली बसलेला, धड वळणाच्या आतल्या बाजूला कललेलं. पंजाचे तपशील इथे फार महत्त्वाचे. इतर बहुतेक मांजरांची नखं कातडीच्या म्यानात दडतात. चित्त्याला तसं म्यान नाही, त्यामुळे नखं आत ओढली तरी दिसत राहतात, जमिनीला घासून बोथट होतात आणि मातीत पकड देतात. बिबट्याच्या पंजासारखा गुबगुबीत, नखं लपवलेला पंजा चित्त्याला काढला तर वळणाचं सगळं चित्रच खोटं वाटतं. अपवाद पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर असलेल्या अंगठ्याच्या नखीचा. ती जमिनीला टेकत नाही, म्हणून धारदार राहते, आणि पळत्या भक्ष्याला ओढून त्याचा तोल घालवते ती हीच.

शेपटीवर सर्वांत जास्त वेळ गेला, अजूनही जातोय. ती एका बाजूला फेकली की धड त्याविरुद्ध फिरतं, आणि त्यातून तोल सावरतो. दिसते जाडजूड, पण त्या जाडीत केसांचा वाटा मोठा आहे. आतली शेपटी बारीक आणि हलकी. म्हणून ती वजनदार दोरासारखी लोंबती काढू नये, हवेचा रोध घेत झपकन फिरणारी काढावी. या सगळ्या उलथापालथीत डोकं मात्र जवळजवळ स्थिर राहतं. २०१८ साली कवट्यांच्या अभ्यासातून दिसलं की चित्त्याच्या अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा भाग इतर मांजरांच्या तुलनेत खास मोठा आहे. वळणाच्या एकेका फ्रेमवर डोळ्यांमधून आडवी रेघ मारून पाहा. धड कितीही कललं तरी ती रेघ फारशी ढळत नाही. मला या अभ्यासात सर्वांत जास्त आनंद याच रेघांनी दिला.

शिकारीनंतरच्या धापा टाकणाऱ्या चित्त्याची दोन पानंही झाली. ‘अंग तापलं म्हणून चित्ता पाठलाग सोडतो’ हे आपण सगळेच ऐकत आलोय. ते १९७३ च्या प्रयोगशाळेतल्या, यंत्राच्या पट्ट्यावर धावणाऱ्या चित्त्यांच्या मोजणीवरून आलं. पुढे २०१३ मध्ये मोकळ्या रानातल्या चित्त्यांच्या अंगात संवेदक बसवून पाहिलं, तर पाठलागात धोकादायक तापमानवाढ नव्हतीच. तापमान चढतं ते नंतर, आणि शिकार फसल्यावर कमी, साधल्यावर जास्त. अभ्यासकांनी याचा संबंध सावधपणाच्या ताणाशी जोडला, कारण सिंह, बिबटे, तरस ती शिकार हिसकावू शकतात. त्यामुळे माझा बसलेला चित्ता आता मान टाकून दमलेला नाही. तोंड उघडं आहे, पण कान आणि नजर क्षितिजावर आहेत.

ठिपक्यांचं काम मी मुद्दाम मागे ठेवलंय. एक पान मात्र ‘किंग’ चित्त्याचं झालं, पाठीवर जाड पट्टे असलेल्याचं. १९२७ साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याला वेगळी जात ठरवलं होतं. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत साध्या ठिपक्यांच्या आईबापांना तसं पिल्लू झालं आणि २०१२ मध्ये कारण सापडलं, एका जनुकातला बदल. पाळीव मांजरावर गोलगोल, पसरट पट्टे येतात तेही याच जनुकामुळे. म्हणजे चित्रात अंगाचा सांगाडा तोच ठेवायचा, नक्षी तेवढी बदलायची.

पुढचा टप्पा सर्व्हल आणि कॅराकल या दोन रानमांजरांचा. सर्व्हलचे पाय अंगाच्या मानाने सगळ्या मांजरांत लांब, आणि तो त्यांचा उपयोग पाठलागापेक्षा गवतावरून उंच उडी घेऊन उंदरावर कोसळायला करतो. कॅराकलचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा उंच, म्हणून उभा असतानाच पाठ पुढे उतरती दिसते. उडीचा वरचा टप्पा बऱ्याच चित्रफितींत छान मिळतो. मला हवी आहे ती जमिनीवर उतरतानाची बाजूने घेतलेली दृश्यं, ज्यात पुढचे पंजे आधी टेकताना स्पष्ट दिसतील. कुणाच्या अभ्यासात तशा फ्रेम असतील तर त्यावरची रेखाटनं जरूर दाखवा.