नवी बॅच येण्याआधी

शनिवार

एफईची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची, नवी बॅच पुढच्या आठवड्यात येतेय आणि त्यातल्या दहा जणांचा गट माझ्याकडे आहे. मेंटॉर म्हणून नाव दिलं की पहिला मोह होतो तो सल्ल्यांची यादी करण्याचा. अभ्यास कसा करावा, कुठल्या क्लबमध्ये जावं, कोडिंग कधी सुरू करावं. ती यादी करायची नाही असं ठरवलंय. पहिल्या वर्षात मुलांचं जे बिघडतं, त्यातलं बरंचसं माहिती उशिरा मिळाल्यामुळे बिघडतं. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलाय हे मुदत उलटल्यावर कळतं. कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर हजेरीचा हिशेब सुरू होतो. म्हणून माझी तयारी दोनच गोष्टींची: कोणत्या आठवड्यात काय येणार याचा तक्ता, आणि कोणत्या अडचणीला कुणाचं दार ठोठवायचं याची यादी.

दारांची यादी बसल्या जागी होत नाही, प्रत्येक ठिकाणी जाऊन यावं लागतं. स्टुडंट सेक्शन, स्कॉलरशिपची खिडकी, जीएफएम (गटाचे पालक-प्राध्यापक), रेक्टर, समुपदेशक, लायब्ररी, परीक्षा विभाग. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी टिपायच्या: वेळ कोणती, बसतं कोण, कागद काय लागतात, काम व्हायला किती दिवस. साधं बोनाफाइड, म्हणजे कॉलेजचा विद्यार्थी असल्याचा दाखला, घ्या. बँकेत खातं उघडायला ते लागतं, बसच्या पासला लागतं, हॉस्टेलला लागतं, शिष्यवृत्तीलाही लागतं. नवी मुलं प्रत्येक कामाला वेगळा अर्ज करतात आणि दर वेळी तेवढेच दिवस थांबतात. पहिल्याच अर्जात तीन प्रती मागून घेतल्या की निम्मी धावपळ वाचते. समुपदेशक रोज असतात की ठरावीक वारी, हेही आधी माहीत हवं. रडवेल्या मुलाला घेऊन गेल्यावर दाराला कुलूप दिसलं, तर तो पुन्हा त्या दाराकडे वळत नाही.

रविवार

आज अभ्यासक्रम. इथे मेंटॉरने फार जपून बोलायला हवं, कारण ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारा सल्ला आता चालत नाही. आम्ही एफई 2019 च्या पॅटर्नमध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाने, केलं. सत्राच्या मधली परीक्षा, इनसेम, 30 गुणांची; सत्राच्या शेवटची, एंडसेम, 70 ची. इनसेमला पहिली दोन युनिटं, एंडसेमला पुढची चार. पहिली दोन युनिटं एंडसेमला परत येतच नव्हती, त्यामुळे इनसेम हलक्यात घेतली की ते गुण गेले ते गेलेच. पुणे विद्यापीठात 2024-25 पासून एफईला नवा, 2024 चा पॅटर्न आला. आमच्या नोट्स, आमचे जुने पेपर, ‘हे युनिट सोडलं तरी चालतं’ ही आमची गणितं, सगळं पुन्हा तपासल्याशिवाय पुढे द्यायचं नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून नवा अभ्यासक्रम उतरवून प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहायच्या: सत्र चालू असताना किती गुण ठरतात, ते कशावर ठरतात, आणि त्यातलं पहिलं काम साधारण कितव्या आठवड्यात पडतं. बाकी विषय समजावायला प्राध्यापक आहेत.

हजेरीचं गणित मात्र आकड्यांत दाखवावं लागतं. 75 टक्के हजेरीची अट म्हणजे भरपूर सवलत, असं सगळ्यांना वाटतं. एका विषयाची 40 लेक्चर झाली तर 10 बुडाली तरी चालतात, इथपर्यंत ठीक. पण प्रॅक्टिकल आठवड्याला एकदाच. सत्रात 12 झाली तर तीन बुडताच माणूस काठावर येतो आणि चौथ्याला डिफॉल्टर. त्यात सत्र असतं गणपती, दसरा, दिवाळीच्या दिवसांतलं. ज्या बॅचचं प्रॅक्टिकल सोमवारी आहे त्यांना गावाहून सोमवारी सकाळी निघणं फार महाग पडतं. पहिल्या भेटीत वेळापत्रक समोर ठेवून प्रत्येकाला स्वतःचा असा महागडा वार शोधायला लावणार आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, की त्यांना इंग्रजी पारिभाषिक शब्द अडतात. अकरावी-बारावी सायन्स त्यांनी इंग्रजीतच केलेलं असतं, शब्द ओळखीचे असतात. अडतं ते बोलायला. अकरावी-बारावीत क्लासमध्ये ऐकणं आणि लिहिणं झालेलं असतं, तोंड फारसं उघडावं लागलेलं नसतं, आणि इथे ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोरासमोर बसून उत्तर द्यायचं असतं. यावर उपाय शब्दसंग्रह वाढवण्याचा नाही. दोघांची जोडी लावायची, प्रॅक्टिकल झालं त्याच संध्याकाळी पाच प्रश्न एकमेकांना विचारायचे आणि उत्तर मोठ्याने द्यायचं. आधी मराठीत, मग त्याच उत्तरातले महत्त्वाचे शब्द इंग्रजीत ठेवून, मग जमेल तसं पूर्ण इंग्रजीत. प्रॅक्टिकलची तयार फाइल कुणालाही द्यायची नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगायचं. फाइल उतरवून सबमिशन निभतं, पण ओरलला पहिल्या प्रश्नालाच गाडी अडते.

सोमवार

शिष्यवृत्ती. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक घरच्यांच्या खिशातून भरून काढावी लागते.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरला की काम झालं असं मुलं समजतात. तो अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे विभागाकडे. कुठल्याही टप्प्यावर एखादा कागद चुकीचा दिसला की अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन मुलाच्या लॉगिनला येतो आणि तिथेच पडून राहतो. पडून राहण्याचं कारण अनेकदा एकच असतं. गावातल्या सायबर कॅफेत प्रोफाइल केलेलं असतं, मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. म्हणून पहिल्या आठवड्यातलं काम: प्रत्येकाने स्वतःच्या फोनवरून लॉगिन करून दाखवायचं, नंबर स्वतःचा आहे का बघायचं, नसेल तर तो बदलून घ्यायचा. त्यानंतर दर सोमवारी अर्जाची स्थिती बघायची. पासवर्ड मी विचारणार नाही, लिहून घेणार नाही, आणि कुणाचा अर्ज स्वतः भरून देणार नाही.

दुसरी अडचण आधारची. पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधारशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी) जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिलेली असणं वेगळं आणि खातं डीबीटीसाठी जोडलेलं असणं वेगळं. या फरकातच रक्कम अडकते किंवा भलत्याच जुन्या खात्यात जाते. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे या जोडणीची, स्थिती दोन मिनिटांत दिसते. तिथे बँकेचं नाव दिसलं, तर ते खातं चालू आहे का, पासबुक कुणाकडे आहे, हे घरी फोन करून विचारायचं. जोडणी दिसत नसेल तर बँकेत जाऊन अर्ज द्यायचा आणि आठवड्याभराने पुन्हा बघायचं.

योजनांची नावं मुलांनी ऐकलेली असतात, आपण कशात बसतो हे ठाऊक नसतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत लागतं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला लागतो. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे अजूनही काही घरांत पोचलेलं नसतं. राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. आणि विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना आहे, तिची जागा भरण्याआधी विचारायला हवं. हे सगळं गटासमोर सांगायचं, पण कोण कशात बसतं हे चारचौघांत कधीच विचारायचं नाही. प्रवर्ग नाही, उत्पन्न नाही, सीईटीचे पर्सेंटाइलही नाहीत. ज्याला विचारायचंय तो एकटा भेटेल, एवढी सोय ठेवायची.

मंगळवार

पहिली भेट कुठे घ्यायची हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. सीनियर आणि नवी मुलं एकत्र आली की कुणाच्याही मनात रॅगिंगची शंका येते, आणि ती यायलाच हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009 च्या नियमांत नव्या मुलांसाठी शक्यतो वेगळं हॉस्टेल, सीनियरांच्या तिथल्या वावरावर नजर, असं सगळं आहे. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा तर 1999 पासून आहे. त्यामुळे भेट दिवसा, लायब्ररीबाहेरच्या कट्ट्यावर किंवा मोकळ्या वर्गात, जीएफएमना वेळ आणि जागा कळवून. कुणाच्या खोलीवर नाही, रात्री नाही. ‘इंट्रो दे’ हे शब्दच वापरायचे नाहीत. आधी आपण आपलं नाव, गाव, ब्रँच सांगायची, मग ज्याला वाटेल तो बोलेल. ‘दादा’, ‘ताई’ म्हणालेलं चालेल, नुसतं नाव घेतलं तरी चालेल, ‘सर’ म्हणायला कुणी लावू नये. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर, 1800-180-5522, पहिल्याच भेटीत सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्यायचा. तक्रार माझ्याविरुद्ध असली तरी तोच नंबर आहे, हेही स्पष्ट सांगायचं.

भेट 40 मिनिटांत संपवायची. त्यातली माझ्या बोलण्याची 15. मेसमध्ये खाडा (न जेवलेल्या दिवसांची सूट) कसा धरतात, किती दिवस सलग गावी गेलं तर पैसे वळते होतात आणि आधी कधी सांगावं लागतं, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहताना डिपॉझिटची पावती का मागायची, अशा गोष्टी पहिल्या महिन्यात शिष्यवृत्तीइतक्याच लागतात आणि त्या कुठल्याच हँडबुकात नसतात.

खरी कला आहे ती एकेकट्याला भेटताना. ‘कसं चाललंय?’ विचारलं की उत्तर येतं ‘ठीक’. त्या ‘ठीक’मधून काहीही कळत नाही. विचारायचं ते बारीक आणि कालचं:

‘काल रात्री कुठे जेवलास?’
‘मेसला.’
‘कोणाबरोबर?’
‘एकटाच. रूममेट अजून आला नाही.’
‘आणि रविवारी?’
‘रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. बिस्किटं खाल्ली.’

एवढ्यात तीन गोष्टी समजतात: मुलगा एकटा आहे, रविवारी उपाशी राहतोय, आणि हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही. यावर भाषण नको. ‘या रविवारी आम्ही पाच जण बाहेर जेवायला जातोय, सातला गेटपाशी ये’ एवढं पुरे. अभ्यासाचंही तसंच. ‘एम-वन (पहिल्या सत्राचं गणित) समजतंय का?’ हा प्रश्न फुकट जातो. ‘ट्युटोरियलचा कितवा प्रश्न अडला, वही दाखव’ म्हटलं की खरं काय ते दिसतं. वही कोरी असेल तर तेही उत्तरच.

अशा भेटी दुसऱ्या आठवड्यात एकदा आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा. सहाव्याची भेट सोडायचीच नाही. पहिल्या दिवसांचं नवेपण तोवर उतरलेलं असतं, चाचण्यांचे गुण आलेले असतात, शाळेत नेहमी वरच्या नंबरात असलेल्या मुलाला आपण मधेच कुठेतरी आहोत हे दिसलेलं असतं. याच सुमारास माझीही इनसेम असते. म्हणून शेजारच्या गटाच्या मेंटॉरशी आधीच बोलून ठेवायचं: एकाची परीक्षा असेल त्या आठवड्यात दुसऱ्याने दोन्ही गट बघायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त तारखा टाकायच्या आणि रात्री दहानंतर उत्तर मिळणार नाही हे सांगून ठेवायचं, जिवावरचं काही असेल तर थेट फोन.

बुधवार

त्या फोनची तयारी वेगळी.

‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘नाही सांगणार’ असं कधीच म्हणायचं नाही. उत्तर तयार ठेवलंय: ‘तुझं बोलणं मी कट्ट्यावर नेणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, किंवा कुणी तुझ्यावर जबरदस्ती केली असेल, तर मला योग्य माणसाला सांगावंच लागेल, आणि ते आधी तुला सांगून करेन.’ गटातल्या काहींचं वय अजून 18 पूर्ण झालेलं नसतं. अशा मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते कलम मेंटॉरलाही लागू आहे. 18 वरच्या मुलींच्या लैंगिक छळाच्या तक्रारी कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीतल्या बाईंचं नाव आणि केबिन माझ्या यादीत हवं.

आणि कुणी ‘आता नको वाटतं सगळं’ असं म्हणालं तर विषय बदलायचा नाही, ‘असं काय बोलतोस’ म्हणायचं नाही. सरळ विचारायचं: ‘स्वतःला काही करून घ्यायचा विचार मनात येतोय का?’ विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, जीएफएम किंवा रेक्टरांना त्याच्यासमोरच फोन लावायचा, समुपदेशकांपर्यंत बरोबर जायचं. रात्र असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, तिथे मराठीत बोलता येतं. लगेचचा धोका असेल तर 112. उपचार करणं, रात्रभर समजूत घालत बसणं हे माझं काम नाही. त्याला योग्य माणसाच्या हाती सोपवेपर्यंत त्याच्यापाशी थांबणं हे माझं काम. ही वाक्यं आज दुसऱ्या मेंटॉरबरोबर मोठ्याने म्हणून बघितली. मनात वाचताना सोपी वाटतात, तोंडातून बाहेर काढायला जड जातात, म्हणून सराव हवाच.

एक गोष्ट राहिलीय. कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत गट पक्का होत नाही. बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा, मिळून दोघं-तिघं दुसऱ्या कॉलेजला जातात आणि शेवटच्या फेरीतली मुलं लेक्चर सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर येतात. त्यांचा सुरुवातीचा ओळख-कार्यक्रम, इंडक्शन, बुडालेला, बॅचमध्ये गट जमून गेलेले, ग्राफिक्सच्या (इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या) दोन शीट मागे, आणि हॉस्टेल भरलेलं. त्यांच्यासाठी पहिली भेट पुन्हा, तशीच 40 मिनिटांची घ्यायची. ‘ग्रुपवर वर जाऊन वाच’ असं सांगायचं नाही. प्रत्येकाला गटातलाच एक जोडीदार द्यायचा, शक्यतो त्याच प्रॅक्टिकल बॅचमधला. त्यांची हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून धरतात की सत्राच्या पहिल्या दिवसापासून, हे उद्या जीएफएमना विचारून तक्त्यात लिहायचं. आणि रविवारी संध्याकाळी चालू असणाऱ्या दोन खानावळींचे दर.