ग्रीक अक्षरं गिरवताना: सगळा वेळ खाल्ला तो क्सीने

प्राचीन ग्रीक शिकायला घेतलं तेव्हा लिपीची धास्ती वाटली नव्हती. अक्षरं २४, त्यातली बरीचशी गणित-विज्ञानामुळे ओळखीची. अल्फा, पाय, टाऊ, ओमेगा पहिल्याच बैठकीत हाताला बसली. डेल्टा आणि थीटानेही फार छळलं नाही. घोडं अडलं ते क्सी (ξ) या अक्षरापाशी.

छापलेला छोटा क्सी पाहिला की नुसती वळवळणारी रेघ दिसते. सुरुवात कुठून करायची, किती वळणं घ्यायची, शेपूट किती खाली न्यायचं, काही कळत नाही. आणि माझ्या पाठ्यपुस्तकात काय होतं? सुबक फॉन्टमधला अक्षरांचा तक्ता, खाली ‘सराव करा’, आणि पान उलटलं की थेट नामांची रूपं! बाण नाहीत, क्रम नाही. छापील अक्षरात रेघ कुठे जाड तर कुठे बारीक असते. ती फॉन्टची ऐट, हाताची चाल नव्हे. लिहायला शिकणाऱ्याला अक्षराचं नुसतं चित्र दाखवून काय उपयोग? याचा मला अजून राग येतो. चित्र बघून काढलेला क्सी दर वेळी वेगळा उमटतो, आणि शेजारी झीटा (ζ) असला तर दोन्हींतला कोणता कोण हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

सुटका केली ती मोठ्या क्सीने. मोठा क्सी (Ξ) म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा. त्या पेन न उचलता भरभर काढून बघा. वरची रेघ संपली की हात वळून मधलीवर येतो, तिथून पुन्हा वळून खालचीवर. छोट्या क्सीची वळणं ती हीच! ग्रीक छोटी अक्षरं अशा भरभर लिहिण्यातूनच घडत गेली. या छोट्या अक्षरांत लिहिलेलं, तारीख असलेलं सर्वांत जुनं हस्तलिखित इ. स. ८३५ चं आहे, उस्पेन्स्की शुभवर्तमान. हे कळल्यावर क्सी माझ्यासाठी चित्र राहिला नाही, हाताची एक चाल झाला.

म्हणून माझं सांगणं, तक्त्याच्या क्रमाने जाऊ नका. आधी शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा (ς) घ्या: इंग्रजी सी काढायचा आणि खाली छोटं शेपूट द्यायचं. त्याच्या डोक्यावर लहानशी आडवी रेघ जोडली की झीटा. झीटातल्या सीच्या जागी एप्सिलॉन (ε) घातला की क्सी. शेपूट तिघांचं एकच. सरावाला ‘झेउक्सिस’ (ζεῦξις) हा शब्द घ्या, अर्थ जू जोडणे. सुरुवातीला झीटा, मध्ये क्सी, शेवटी तो सिग्मा. तिन्ही एकाच शब्दात भेटतात. माझ्या वहीची पानंच्या पानं या एका शब्दाने भरली आहेत आणि आता तिन्ही अक्षरं न बघता येतात, याचा मला मनापासून अभिमान आहे.

वही चाररेघीच घ्या, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, ग्रीक अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात, आणि गॅमा, ईटा, म्यू, ऱ्हो, ‘काय’ (χ) अशी कितीतरी अक्षरं तिच्याही खाली उतरतात. ईटाचा उजवा पाय खाली नेला नाही तर तो सरळ इंग्रजी एन दिसतो. बीटा आणि ऱ्हो रेघेच्या खालून वर चढत सुरू करा, पेन उचलावं लागत नाही. न्यूचं टोक अणकुचीदार ठेवा आणि अप्सिलॉनचा तळ गोल, नाहीतर वाचताना घोटाळा ठरलेला. आयोटावर टिंब देण्याची इंग्रजी सवय मात्र सोडा.

आघातचिन्हं, म्हणजे स्वरांवर येणाऱ्या उच्चाराच्या खुणा, शब्द पूर्ण झाल्यावर द्या. आधुनिक ग्रीक शिकत असाल तर हे काम फारच हलकं आहे, कारण १९८२ पासून तिथे अधिकृत लेखनात एकच आघातचिन्ह उरलं आहे. प्राचीन ग्रीकला तीन आघातचिन्हं, शिवाय स्वराने सुरू होणाऱ्या शब्दावर श्वासचिन्ह, म्हणजे सुरुवातीला ‘ह’ उच्चारायचा की नाही ते सांगणारी खूण. क्सी हाताला बसेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका.